‘९७ टक्के सदोष’ या आकड्याची भीती

वीर्यतपासणीच्या अहवालात ‘सामान्य रचनेचे शुक्राणू : ३ टक्के’ असे वाचले की बहुतेक पुरुषांची नजर उरलेल्या ९७ टक्क्यांवर खिळते आणि मूल झालेच तर ते व्यंग घेऊन जन्मेल, या शंकेने झोप उडते. वंध्यत्व उपचार केंद्रात समुपदेशन करताना ही शंका मी अनेकदा ऐकते. येथे ज्या दांपत्याबद्दल लिहीत आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), त्यांच्या लग्नाला चार वर्षे झाली होती. पत्नीच्या सर्व तपासण्या सासरच्या आग्रहाने आधीच उरकल्या होत्या. पतीची ही पहिलीच होती. हा क्रम आपल्याकडे इतका ठरलेला आहे की त्याचे आता आश्चर्यही वाटत नाही.

‘मॅडम, शंभरातले सत्त्याण्णव खराब असतील, तर उरलेले तीन तरी धड असतील कशावरून?’ पतीने विचारले.

मी प्रथम तो आकडा कसा निघतो ते सांगितले. वीर्याचा थेंब काचपट्टीवर पसरून, सुकवून व रंगवून सुमारे हजारपट मोठा करून पाहतात आणि किमान २०० शुक्राणू तपासतात. डोके लंबगोल हवे, त्याच्या पुढच्या भागावरील टोपीसारख्या आवरणाने डोक्याचा ४० ते ७० टक्के भाग व्यापलेला हवा, मानेत व शेपटीत दोष नको. शिवाय जो शुक्राणू काठावरचा वाटेल, तोही सदोषांतच मोजायचा. इतक्या कडक निकषामुळे मुले झालेल्या पुरुषांचेही बहुसंख्य शुक्राणू सदोष ठरतात. सामान्य रचनेच्या शुक्राणूंसाठी जागतिक आरोग्य संघटनेने धरलेली ४ टक्क्यांची किमान मर्यादा, ज्यांच्या पत्नीला वर्षभरात गर्भधारणा झाली अशाच पुरुषांच्या नमुन्यांवरून काढलेली आहे आणि त्यांच्यापैकीही ५ टक्के पुरुष तिच्याखाली होते. राहिला बाळाचा प्रश्न. डोक्याच्या बाह्य आकारावरून आतील गुणसूत्रे वाचता येत नाहीत. जवळजवळ सर्वच शुक्राणूंत एकच ठरावीक दोष दिसतो, उदाहरणार्थ सर्वांचीच डोकी फार मोठी असतात, अशी दुर्मीळ उदाहरणे वेगळी असून तेथे जनुकीय तपासणी करावीच लागते. यांच्या अहवालात तसे काही नव्हते.

तोवर गप्प असलेल्या पत्नीने मग खर्चाचा विषय काढला. सहा हजारपट मोठे दाखवणाऱ्या यंत्राखाली शुक्राणू निवडून घ्यावा, असे एका नातेवाइकाने सुचवले होते आणि त्यासाठी कर्ज काढायची त्यांची तयारी होती. या पद्धतीत जिवंत शुक्राणूच्या डोक्यातील सूक्ष्म पोकळ्याही दिसतात, हे खरे. परंतु त्यामुळे नेहमीच्या इक्सीपेक्षा (प्रयोगशाळेत एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याच्या उपचारापेक्षा) अधिक बाळे जन्मतात, असे आजवरच्या अभ्यासांतून खात्रीने सिद्ध झालेले नाही. शिवाय या दांपत्याला इक्सीच लागेल, असेही अद्याप कोणी म्हटले नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे नावही त्यांनी वाचले होते. त्याखाली शेपटीच्या छेदातील मधल्या दोन नलिका आणि भोवतीच्या नऊ जोड्या स्पष्ट दिसतात, त्यामुळे शुक्राणू हलतच नसतील तर कारण शोधायला त्याचा उपयोग होतो. मात्र तपासलेला शुक्राणू रसायनात स्थिर करून कापलेला असल्याने तो उपचारासाठी उरत नाही. यांच्या निम्म्याहून अधिक शुक्राणूंची हालचाल होत होती, तेव्हा त्या तपासणीचे प्रयोजनच नव्हते.

बोलण्याच्या ओघात पतीला दीड महिन्यापूर्वी डेंग्यूचा जोरदार ताप येऊन गेल्याचे कळले. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि तापाचा परिणाम तेवढा काळ दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगितले.

दुसऱ्या अहवालात ४ टक्के आले आणि ते पेढे घेऊनच आले. दोनशेमध्ये सहाऐवजी आठ, एवढाच हा फरक असून मोजणाऱ्याच्या नजरेनेही तो पडू शकतो, हे मला सांगावे लागले. उपचाराचा निर्णय संख्या, हालचाल आणि पत्नीच्या गर्भनलिका मोकळ्या असणे यांवर झाला. डॉक्टरांनी आधी आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याचा साधा उपचार, करून पाहण्याचे ठरवले आणि कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला.