दुबईत नवीन नोकरी लागली आहे, पगार अजून गावच्या जुन्या बचत खात्यात जातो. बचतीची सुरुवात कुठून करू?

गुंतवणुकीआधी खात्याचं बघा. तुम्ही लिहिलंय की पगार अजून गावच्या जुन्या बचत खात्यात पाठवता. अनिवासी झाल्यावर ते साधं खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासींचं, भारतातल्या मिळकतीसाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई मात्र एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं रुपयातलं) खात्यात टाका. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि पैसा हवा तेव्हा पुन्हा बाहेर नेता येतो. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस (बँकेने आधीच वळता केलेला कर) कापला जातो, वर अधिभार आणि उपकर. म्हणून तिथे घरभाडं, लाभांश अशी इथलीच मिळकत राहू द्या.

खात्यांचं झालं की, गुंतवणुकीआधी सहा महिन्यांचा खर्च दिरहममध्ये दुबईतच बाजूला ठेवा. नोकरी गेली की व्हिसाची मुदतही मोजकीच उरते, तेव्हा हाच पैसा कामाला येतो. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

त्यानंतर एनआरई मुदत ठेव. ती वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य, त्यामुळे एकच मोठी ठेव न करता तीन-चार लहान करा. पैसे डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर एफसीएनआर (परदेशी चलनातली मुदत ठेव), १ ते ५ वर्षांसाठी.

पीपीएफ (सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं) अनिवासी झाल्यावर नव्याने उघडता येत नाही. जुनं असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवा. म्युच्युअल फंडात इंडेक्स फंडाची (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा फंड) छोटी एसआयपी, म्हणजे दर महिन्याचा ठरावीक हप्ता, पुरे, पण केवायसीत अनिवासी अशी नोंद आधी करून घ्या.

आणि ओळखीचा माणूस पंचवीस वर्षांची विमा-कम-बचत योजना गळ्यात मारायला आला, तर सही करू नका. आधी मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतील ते लेखी मागा.