वॉर्मब्लड नराच्या शिंगरांचं सगळे कौतुक करतात. माझी मारवाडी घोडी त्याला लावू का?

तुमची घोडी ६० इंची मारवाडी. ज्या हॅनोव्हेरियन नराबद्दल, म्हणजे खेळांसाठी पैदा केलेल्या वॉर्मब्लड घोड्यांपैकी एका जर्मन जातीच्या नराबद्दल विचारताय, त्याच्या शिंगरांचे मालक खूश आहेत, म्हणून घोडी लावायची का, हा तुमचा प्रश्न. शिंगरू सारंगखेड्याला विकायचं असेल तर नको. दत्तजयंतीच्या बाजारात गिऱ्हाईक आधी कान बघतं, मग रेवाळ चाल (स्वाराला न हिंदकळवणारी झपाट्याची चाल), मग उंची. या संकरात कानांची टोकं सहसा जुळत नाहीत, चाल दुडकीकडे झुकते आणि मारवाडी म्हणून नोंदही होत नाही. नुसत्या उंचीवर तिथे भाव मिळत नाही. उड्या किंवा ड्रेसाजसाठी (स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने करायची कवायत) घोडा घेणारा माणूस आधीच हाताशी असेल, तर मात्र विचार करा.

मालकांचं ऐकताना पहिलं विचारा, आई कोणती? थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या घोडीच्या शिंगराचं कौतुक तुमच्या कामाचं नाही. देशी माद्यांपासून झालेली निदान चार-पाच शिंगरं बघा, तीही वेगवेगळ्या आयांची. सगळ्यांत सारखं दिसेल ते नराचं म्हणायला हरकत नाही. सहा महिन्यांचं शिंगरू ‘फार गरीब आहे’ असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. खोगीर चढल्यावर कसं वागतं ते विचारा. उंचीच्या गप्पांनाही सोपा उपाय आहे. वर्षाच्या शिंगराने पूर्ण उंचीच्या साधारण ९० टक्के गाठलेली असते. सपाट जमिनीवर, मान संपते तिथल्या उंचवट्यापर्यंत मोजलं आणि ५६ इंच भरलं, तर मोठेपणी ६२ च्या आसपास. ६८ सांगणारा स्वप्नं विकतोय.

मोठ्या नरामुळे विताना शिंगरू अडेल ही भीती लोकांना वाटते त्यापेक्षा कमी आहे. पोटातली वाढ बरीचशी घोडीच्या गर्भाशयावर ठरते. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शायर ही धिप्पाड जात आणि शेटलंड हे बुटके तट्टू यांच्या संकरांच्या प्रयोगात हेच दिसलं होतं. तरी पहिलटकरीण, बारीक अंगाची घोडी यासाठी निवडू नये.

खरा घोटाळा होतो तो नंतर, दावणीवर. वॉर्मब्लडमध्ये सांध्याच्या कुर्चेचं हाड नीट न बनण्याचा दोष रक्तातून येतो, आणि भरमसाट दाण्याने तो वर येतो. शिंगरू लवकर भरावं म्हणून आपण मका, बाजरी, गूळ, वर गव्हाचा कोंडा घालतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं, म्हणजे हाडांसाठी उलटाच हिशेब. दादर ज्वारीचा कडबा, सोबत लसूणघास, दाणा बेताचा आणि तांबं-जस्त असलेलं घोड्यांचं खनिज मिश्रण, एवढ्यावर वाढवा. शिंगरं बघायला जाल तेव्हा मागे उभं राहून दोन्ही हॉक (मागच्या पायाचे मधले, मागे टोक असलेले सांधे) ताडून बघा. आतल्या-पुढल्या बाजूला पाणी भरल्यासारखी मऊ सूज दिसली तर ‘लंगडत नाही ना’ या उत्तरावर थांबू नका. न लंगडताही दोष असतो. वर्षानंतर हॉक आणि मागच्या गुडघ्याचा एक्स-रे काढलेला असेल तर तो मागा. आणि हे रक्त उशिरा पिकतं. दोन वर्षांच्या शिंगरावर स्वारी नको, लहान गोलात पळवणंही नको. पाठीवर वजन साडेतीन-चार वर्षांनंतरच.

गोठवलेलं वीर्य वापरणार असाल तर सोनोग्राफी करणारा घोड्यांचा डॉक्टर आधी नक्की करा. बीज सुटण्याच्या आगेमागे साधारण सहा तासांत ते पडावं लागतं, नुसता माज बघून जमत नाही. चौदाव्या ते सोळाव्या दिवशी तपासणी कराच. जुळं असेल तर एक तेव्हाच काढून टाकावं लागतं. विकत घेण्याआधी नराचा डब्ल्यूएफएफएस या आनुवंशिक दोषाचा अहवाल मागा. देशी घोडीपासूनचं शिंगरू त्याने सहसा दगावत नाही, पण नर वाहक असेल तर निम्मी शिंगरं वाहक निघतात आणि पुढे मादी वॉर्मब्लडला लावताना ते नडतं.

घोडी फेब्रुवारी-मार्चात लावा. अकरा महिन्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत शिंगरू पडेल आणि आपल्याकडचा मे येईपर्यंत तीन-चार महिन्यांचं झालेलं असेल.