माकड मेलं ती जागा आधी सोडा : माकडतापाचा आमच्या घरचा अनुभव

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री दोनदा वाचला. तुमच्या काजूच्या बागेत पाच दिवसांत दोन माकडं मेलेली सापडली. वन कार्यालयानं सांगितलं बाग खाजगी आहे, गुरांच्या दवाखान्यानं सांगितलं आम्ही गुरांचं बघतो, आरोग्य केंद्रानं सांगितलं कुणाला ताप आला तर घेऊन या. आणि आई रोज सकाळी त्याच बागेत काजू गोळा करायला जातेय. 2017 च्या फेब्रुवारीत आमच्या घरी हेच झालं. आमची बाग सावंतवाडी तालुक्यात, बांद्याच्या बाजूला. म्हणून जरा लांबलचक लिहितोय. मी डॉक्टर नाही, माणसांचाही नाही आणि गुरांचाही नाही. औषधाचं काहीही डॉक्टरांना विचारूनच करा.

माकडताप हा माकडांना आणि गोचीड चावून माणसांनाही होणारा विषाणूचा ताप, डिसेंबर ते मे त्याचा हंगाम, हे तुम्ही दोडामार्गच्या असल्यामुळे तुम्हाला ठाऊकच आहे, जास्त सांगत बसत नाही. आमची चूक कुठे झाली ते सांगतो.

आमच्या बागेच्या खालच्या कोपऱ्यात, गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून, एका जुन्या काजूखाली माकड मेलेलं दिसलं. खरं सांगायचं तर घरात कुणालाच वाईट वाटलं नाही. माकडांनी त्या वर्षी बोंडू (काजूची फळं), शहाळी, केळी, काही म्हणून ठेवलं नव्हतं. एक उपद्रव कमी झाला, एवढंच मनात आलं. तरी भावानं वन कार्यालयात जाऊन सांगितलं. उत्तर मिळालं, 'तुमची मालकीची जमीन, आमच्या हद्दीत येत नाही, अर्ज देऊन ठेवा.' अर्ज दिला. चौथ्या दिवशी वास सुटला. मग आम्हीच दोर बांधून ओढलं, खड्डा काढला, पुरलं, आणि विषय संपला असं समजलो.

इथेच चुकलो. धोका त्या मेलेल्या माकडापेक्षा ते मेलं त्या जागेत जास्त असतो. जनावर थंड पडलं की अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि तिथल्याच पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पानांत, पसरतात. चार दिवस ते धूड पडून राहिलं तेव्हा गोचिडी खाली उतरून बसलेल्या होत्या. आम्ही पुरलं ते नुसतं कातडं आणि हाडं. काकी दुसऱ्या दिवसापासून त्याच झाडाखाली बसून बोंडूतून बिया काढत होती. मी तिला म्हटलं होतं, दोन दिवस त्या बाजूला नको. ती म्हणाली, 'मेलेलो माकड काय करतलो?' मलाही ते पटलं. शिवाय त्याच कोपऱ्यातला पातेरा दोन भारे भरून गोठ्यात गुरांखाली पसरला.

त्यानंतर सहाव्या दिवशी काकीला ताप चढला. कपाळ फुटेल असं डोकं दुखत होतं, कंबर धरलेली, डोळे लाल. जवळच्या दवाखान्यात डेंग्यू समजून सलाईन आणि अंगदुखीचं इंजेक्शन दिलं. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी, म्हणजे डेंग्यूसारखंच चित्र. आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिसचा तापही असतोच. पण बागेत माकड मेलंय हे आम्ही त्यांना सांगितलंच नाही. कुणी विचारलं नाही, आम्हाला सुचलं नाही. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, 'काजूला जाता का?' त्यांच्यामुळे रक्त योग्य तपासणीला गेलं. माकडतापावर नेमकं औषध नाही, पण सलाईन, रक्तस्रावाकडे लक्ष आणि चुकीच्या गोळ्या टाळणं यावर माणूस वाचतो. काकी वाचली. पंधरवड्यानं पुन्हा ताप आला, हात थरथरायचे. तेही या आजारात काहींना होतं. पुढचे दोन महिने ती चूल पेटवायलाही उठली नाही.

पण मला अजून सलते ती अर्जाची गोष्ट. ते माकड पहिल्या दिवशी उचललं असतं तर नमुना तपासता आला असता. सडल्यावर कसला नमुना? नमुना नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून आमची वाडी बाधित नाही, आणि बाधित नाही म्हणून गोचीड लांब ठेवायला अंगाला लावायचं तेलही नाही. काकीचा रिपोर्ट आल्यावर मग सगळे धावत आले. म्हणजे माकड मेल्यावर जी घंटा वाजायला हवी होती ती माणूस आजारी पडल्यावर वाजली. माणसांची नोंदवही एकीकडे, गुरांची दुसरीकडे, जंगलाची तिसरीकडे, आणि गोचीड मात्र तिन्हीकडे फिरतेय.

आणि हे काही नवीन ज्ञान नाही. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे लोक तिथे गेले. माकडं मरतात म्हणून आधी पीतज्वराचा (यलो फीवरचा) संशय आला. त्यांनी माणसं, माकडं, पक्षी, गोचिडी, सगळं एकत्र तपासलं म्हणून तर विषाणू हाती लागला. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, म्हणून ओळखलं जातं. 2022 च्या डिसेंबरात नागपूरला 'वन हेल्थ' (माणसं, जनावरं, निसर्ग यांचं आरोग्य एकत्र बघणं) संस्थेची पायाभरणी झाली, चांगलंच आहे. पण माझ्या मते खरी परीक्षा तालुक्यातच आहे. मेलेल्या माकडाचा फोन कुणीही उचलला तरी बाकीच्या दोघांना त्याच दिवशी कळतं का, एवढंच बघायचं.

आता तुमच्यासाठी. आईला त्या बाजूला पाठवू नका, काजू गेले तर जाऊ देत. माकडाला हात लावू नका, ओढू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका. कार्यालयाचे लोक येऊन उचलतात आणि जागेवर औषध मारतात. किती घेरात मारायचं ते त्यांना ठरवू द्या. त्या भागातला पातेरा गोठ्यात आला असेल तर अंग झाकून बाहेर काढा आणि मोकळ्या जागी, पाण्याची बादली जवळ ठेवून जाळा. गुरांना हा ताप येत नाही असं काही जण सांगतील. बरोबर आहे, पण मोठी गोचीड गुरांवरच पोसते आणि त्यांच्यासोबत दारात येते. पशुवैद्यांकडून पाठीवर ओतायचं औषध घ्या आणि दूध किती दिवस वापरायचं नाही तेही विचारा.

बाकीच्या बागेत जायचंच असेल तर फिकट रंगाची फुल पँट मोज्यात खोचून, अंगाला डीएमपी किंवा डेपा हे गोचीड लांब ठेवणारं तेल लावून. घामानं ते उतरतं, पुन्हा लावावं लागतं. जमिनीवर बसायचं नाही. घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात. चावणारी पिल्लं तिळाहूनही लहान असतात, म्हणून कानामागं, काखेत, गुडघ्यामागं दुसऱ्याकडून बघून घ्या. सापडलीच तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, नखानं चिरडू नका, रॉकेल लावू नका.

लसीबद्दल विचारलंय. कर्नाटकात जुनी लस होती, परिणाम अपुरा म्हणून 2022 मध्ये थांबवली. तिच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक, तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी माकडं मारून टाका असं लिहिलंय. कृपा करून ऐकू नका. ती आपल्याआधी मरतात, म्हणून तर आपल्याला कळतं.

आईला किंवा कुणालाही ताप आला तर अंगदुखीची अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी स्वतःहून देऊ नका. केसपेपर काढतानाच 'बागेत माकड मेलंय, या तारखेला' हे वाक्य सांगा. आणि उद्या एकच अर्ज तीन प्रतींत लिहा. जागा, तारीख, फोटो आणि 'प्रत माहितीसाठी' म्हणून उरलेल्या दोन्ही कार्यालयांची नावं प्रत्येक प्रतीवर. तिन्हीकडे आवक क्रमांक घ्या. आम्ही एकाच ठिकाणी दिला होता, पोच न घेता.