पांढरा बांध

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. पुण्यातल्या त्या नव्या कराटे क्लासच्या सरांनी सांगितलं की इथे पहिल्या दिवशी सगळे पांढराच बेल्ट बांधतात, आणि तू बॅग उचलून होस्टेलवर परत आलीस. दुसऱ्या एका क्लासने म्हणे काळा चालवून घेऊ म्हटलंय, वर फी भरली की महिनाभरात पुढचं दानही, म्हणजे ब्लॅक बेल्टची पुढची पायरी. आणि तू मला विचारतेस, मॅडम, मग माझा ब्लॅक बेल्ट खोटा होता का?

खोटा नव्हता. मी दिलाय तो. पण मी दिलाय, आपल्या हॉलमध्ये, आपल्या काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, बघून. त्या सरांनी तुझी एकही काता पाहिलेली नाही, त्यांची स्टाइलही वेगळी. पांढरा बांध.

रंगांच्या अर्थाचा तो तक्ताही पाठवलायस. पिवळा म्हणजे माती, हिरवा म्हणजे रोपटं, निळा म्हणजे आकाश. हे कोरियातल्या ताएक्वोंदोचं स्पष्टीकरण आहे, चोई होंग ही यांनी लिहिलेलं. त्यांच्याकडे लाल म्हणजे धोका आणि तो काळ्याच्या आधी येतो. ज्युदोत लाल बेल्ट नवव्या-दहाव्या दानचा, म्हणजे उभं आयुष्य घातल्यावर मिळणारा. एकच लाल, आणि दोघांत केवढं अंतर! कराटेत तर स्टाइल बदलली की क्रमही बदलतो. मग नुसता रंग बघून नव्या सरांना तुझ्याबद्दल काय कळणार?

आणि घामा-मातीने पांढरा बेल्ट काळा होत जातो ही गोष्ट तरी तू सांगत फिरू नकोस. मुळात काय घडलं ते बघ. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोच्या एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोडोकान ही आपली शाळा सुरू केली. शिष्य नऊ. जुजुत्सु या जुन्या जपानी झुंजविद्येच्या घराण्यांत वर्षानुवर्षं शिकल्यावर गुंडाळीवर लिहिलेला परवाना मिळायचा आणि मधल्या पायऱ्या फार थोड्या. कानोंनी 'गो' या पटावरच्या खेळातली दानची पद्धत उचलली आणि १८८३ मध्ये दोन शिष्यांना पहिलं दान दिलं. काळा बेल्ट मात्र १८८६ च्या सुमारास आला. म्हणजे मधली दोन-तीन वर्षं दान होतं आणि बेल्ट नव्हता! ती माणसं चटईवर उतरत होती, समोरच्याला फेकत होती, स्वतः पडत होती, आणि कोण किती पाण्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या कोल्हापूरच्या तालमीत आजही तसंच. पैलवान मातीत उतरला की वस्तादाला कळतं.

मधले रंगीबेरंगी बेल्ट तर युरोपात रुजले. लंडनच्या बुडोक्वाई या ज्युदो क्लबात १९२० च्या दशकातच ते दिसतात, आणि १९३५ मध्ये पॅरिसला गेलेल्या मिकिनोसुके कावाइशींनी त्यांची पद्धतशीर उतरंड लावली. शिकणाऱ्याला मधेमधे काहीतरी हातात पडावं म्हणून. त्यात वाईट काही नाही. पण ती सोय आहे, तिला पदवी समजू नकोस.

आपल्या कराटेचे मूळ गुरू फुनाकोशी ओकिनावा बेटावर शिकले ते रात्री, आझातो गुरुजींच्या अंगणात, एकच काता महिनोन्‌महिने घोटत. तिथे कमरेला कुठला रंग नव्हता. टोकियोत आल्यावर, १९२४ मध्ये, त्यांनी कानोंचीच पद्धत घेऊन कराटेत पहिले ब्लॅक बेल्ट दिले. तू मिरवतेस तो बेल्टसुद्धा असा दुसऱ्या घरातून आलेला आहे.

अपमान झाला, असं लिहिलंयस. अपमान काय असतो सांगू? केइको फुकुदा ज्युदोतल्या, कानोंच्या थेट शिष्या. उंची पाच फुटांच्या आत. बाई म्हणून कोडोकानने त्यांना वर्षानुवर्षं पाचव्या दानवर अडवून ठेवलं. बायकांच्या काळ्या बेल्टला मधोमध पांढरी पट्टी असायची, पुरुषांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. नववं दान त्यांना कोडोकानने दिलं २००६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. मी याला तपश्चर्या म्हणणार नाही, तो अन्याय होता आणि त्या तो बोलूनही दाखवत. पण तेवढी सगळी वर्षं त्या शिकवत राहिल्या, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत. तुझ्यावर अन्याय झालेला नाही, बेटा. तुला फक्त ओळीत शेवटी उभं राहायला सांगितलंय.

मला माहितीये, घरी काय बोलणं चाललं असेल. मॅडम वर्षातून एकदाच ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, घेतात, समोरच्या क्लासात दर तीन महिन्यांनी रंग बदलतो. हे ऐकत ऐकतच मी क्लास चालवलाय. मुलं गेली. चांगली मुलं गेली. तुझ्याच बॅचमधली ती एक, जिच्यासारखी माए गेरी, समोर मारायची लाथ, मला पुन्हा बघायला मिळाली नाही, तीही गेली, आणि त्याची खंत मला आजही आहे. हॉलचं भाडं थकलं तेव्हासुद्धा मी ग्रेडिंग वाढवलं नाही. वाढवलं असतं तर तुझ्या बेल्टला आज काय किंमत उरली असती? ज्याने तुला घाम गाळताना पाहिलं नाही त्याने दिलेला रंग आणि दुकानातून आणलेला रंग यात मला तरी फरक दिसत नाही. म्हणून त्या महिनाभरात दान देणाऱ्यांकडे पाऊल टाकायचं नाही. यावर मला चर्चा नको.

पांढरा बांध. नवा बेल्ट कडक असतो, गाठ पहिल्या दिवशी सारखी सुटेल, म्हणून आदल्या रात्री भिजवून वाळव. दोन्ही टोकं सारखी यायला हवीत. आपल्याकडची उभं राहायची पद्धत तिथे दाखवू नकोस. सर सांगतील तसा पाय ठेव, चुकीचं वाटलं तरी. 'आमच्याकडे असं नव्हतं' हे वाक्य तोंडातून येता कामा नये. त्यांना आठवड्याभरात कळेल तू कोण आहेस. नाही कळलं, तरी तू शिकत राहशील.

सोमवारी दहा मिनिटं आधी जा आणि त्या सरांना सांग, परवा मी न बोलता निघून गेले. एवढंच, सफाई देत बसू नकोस.

दिवाळीत घरी येशील तेव्हा सकाळच्या बॅचला ये. लहान मुलांना हेइआन शोदान ही सुरुवातीची काता शिकवायला मला माणूस हवंय. इथे काळाच बांधायचा.

तुझी,
मॅडम