पाय प्लास्टरमध्ये आहे, मांडी नाही

प्रश्न: माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या. रावपुऱ्यातल्या घराच्या जिन्यावरून घसरल्या आणि उजव्या घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्याखाली प्लास्टर आहे, सहा आठवडे तो पाय टेकवायचा नाही. रोज कमाटीबागेत चालणारी बाई आता पलंगावर. चहा-जेवण तिथंच देतो. दोनच आठवड्यांत डावी, धड मांडीसुद्धा सैल लागते. हे वयामुळे का? पडल्या पडल्या काही करता येईल?
– एक सून, बडोदे

उत्तर: वय आहेच, पण जास्त दोष पलंगाचा. अमेरिकेत साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं होतं. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तेवढ्यात त्यांच्या पायांचे स्नायू जवळजवळ किलोभर घटले होते. ना ताप, ना दुखणं, नुसतं पडून राहणं.

माझ्या वडिलांचं हेच झालं. न्यूमोनिया बरा होऊन घरी आले आणि त्यांना कमोडवरून उठता येईना. आम्ही प्रेमानं पाण्याचा पेलासुद्धा हातात देत होतो. मी तेव्हा बारा वर्षं फिजिओथेरपी करत होते. आजही आठवलं की जीव तुटतो, म्हणून तुम्हाला एवढं कळकळीनं लिहिते आहे.

हाडाच्या डॉक्टरांना विचारून उद्याच सुरू करा. उजवा गुडघा सरळ ठेवून मांडी अशी आवळायची की गुडघ्याची वाटी वर सरकेल. पाच अंक मोठ्यानं मोजायला लावा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. दहा वेळा, दिवसातून चारदा. मग तोच पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा.

डाव्या पायाला मात्र खरी मेहनत द्या. खुर्चीत बसवून घोट्याला अर्धा किलो तांदळाची पिशवी बांधा आणि गुडघा सावकाश सरळ करायला सांगा. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. सहज व्हायला लागले की तांदूळ वाढवा. या मेहनतीनं उजव्या पायाची ताकदही थोडी टिकते. खरंच! स्नायूंना हुकूम देणारा मेंदू दोन्ही पायांना एकच आहे.

दंडही हवेत, कारण वॉकरवर भार हातांचाच. हातांच्या खुर्चीत बसून, डावा पाय जमिनीवर ठेवून, दोन्ही हातांनी रेटून बूड किंचित उचलायचं. जुम्मादादा आणि माणिकरावांच्या आखाड्याचं गाव आपलं. सासूबाईंना सांगा, हे तुमचे जोर.

खाण्याकडे बघा. चहा-खाकऱ्यानं स्नायू बनत नाहीत. या वयात दर किलो वजनामागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिनं लागतात, हाड जुळताना थोडी अधिकच. पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, आणि हे सकाळच्या न्याहारीतही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वॉकर शिकवायला फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा. ते जमलं की दोन्ही वेळचं जेवण टेबलावर वाढा. पोटरीत नवीन दुखणं किंवा सूज आली, प्लास्टर अचानक घट्ट वाटलं, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना गाठा. तिथं रक्ताच्या गुठळीची शंका बोलून दाखवा.