ओक्लाहोमात टॉर्नेडोचे फोटो काढायचे आहेत, ६०० मिमीची लेन्स भाड्याने घेऊ का?

नका घेऊ. मी डॅलसला राहतो, मे महिन्यात सुट्टी जुळली की वादळांमागे निघतो, आणि माझे बरे म्हणावेत असे बहुतेक फोटो १६-३५ मिमीच्या, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सचे आहेत. नुसती टॉर्नेडोची सोंड टिपली तर आकाराचा अंदाजच येत नाही. वरचा गरगरणारा अवाढव्य ढग आणि खालचं गव्हाचं शेत चौकटीत हवंच. सोबत थोडं लांबचं टिपायला ७०-२०० मिमी असली की झालं. टॉर्नेडोचा आज माहीत असलेला सर्वांत जुना फोटो १८८४ सालचा, कॅन्ससमधला आहे. तेव्हा कुठली आली लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स!

खरा प्रश्न थांबायचं कुठे हा. इथली सुपरसेल, म्हणजे आतून गरगरणारी प्रचंड वादळं बहुतेकदा ईशान्येकडे सरकतात. पाऊस आणि गारा पुढच्या अंगाला, टॉर्नेडो बहुधा मागे, नैऋत्य टोकाशी. म्हणून वादळाच्या आग्नेयेला काही किलोमीटर लांब थांबा आणि कॅमेरा वायव्येकडे धरा. संध्याकाळी पश्चिमेचं आकाश मागून उजळलेलं असतं, त्यावर सोंड काळीभोर उठून दिसते. उत्तरेकडून घुसलात तर पावसापलीकडचं काही दिसणार नाही, वर गाडीची काच फुटेल.

शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, कारण वारा हात स्थिर राहू देत नाही. धूसर ढगावर ऑटोफोकस चाचपडत राहतो, तेव्हा लांबच्या एखाद्या खांबावर फोकस लावून मॅन्युअल करा. विजा जवळ पडत असतील तर ट्रायपॉड विसरा, गाडीतूनच काढा.

सोंड डावीउजवीकडे न हलता नुसती मोठी होत चालली, तर ती तुमच्याच दिशेने येतेय. गाडीचं तोंड आधीच निघायच्या बाजूला वळवून ठेवा. आणि मातीच्या रस्त्यावर थांबू नका. पाऊस पडला की तिथे चाकं नुसती घसरतात. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्याच एल रेनोजवळचा टॉर्नेडो बघता बघता सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला आणि दिशा बदलून वळला. त्यात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग गेले. ही हौशी मंडळी नव्हती, टॉर्नेडोच्या वाटेत उपकरणं ठेवून मोजमाप घेणारे जाणकार होते.

त्यामुळे लेन्सचे पैसे वाचवा आणि पहिल्या खेपेला वादळं दाखवायला नेणाऱ्या एखाद्या अनुभवी टूरबरोबर जा. रडार ते बघतील, तुम्ही फोटो काढा. स्वतःच गाडी भाड्याने घेणार असाल तर विम्यात गारांचं नुकसान धरलंय का ते विचारून घ्या. टॉर्नेडो हुलकावणी देतो, गारा सहसा देत नाहीत.