शब्दांविना रॉक: सुरुवात कुठून करावी?

स्वागत! शंभर ट्यून्सची यादी एकदम लावू नका, सगळं सारखंच वाटायला लागेल. सध्या तीनच पुरे:

- 'अपाचे', द शॅडोज, १९६०. हँक मार्विनची गिटार चक्क गाते.
- 'ग्रीन ओनियन्स', १९६२. ऑर्गन ऐका.
- 'रम्बल', लिंक रे, १९५८. माझी लाडकी. खरखरीत आवाजासाठी पठ्ठ्याने अँप्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती. 'रम्बल' म्हणजे तिथल्या बोलीत टोळ्यांची मारामारी; म्हणून एकही शब्द नसताना अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ही ट्यून वाजवायला नकार दिला!

नवखे हमखास चुकतात ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून. त्यात बास, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमणारा सूर, गायबच होतो, म्हणून साधे का होईना, हेडफोन लावा. दुसऱ्यांदा ऐकताना मुख्य चाल सोडून फक्त बास पकडा. गिटारची मॉडेल्स, पेडल्स वगैरे सध्या राहू द्या.